डोंगर कुणी खाल्ला, झाड कुणी लावायचं?

ठाण्याहून फाउंटन हॉटेलपर्यंत घोडबंदर रोडनं एकदा बसनं जा. खिडकीशी बसा आणि थांब्यांची नावं वाचत चला. मानपाडा. पाटलीपाडा. वाघबीळ. ओवळा. भाईंदरपाडा. गायमुख. काजूपाडा. पाडा म्हणजे आदिवासींची वस्ती, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. बीळ म्हणजे वाघाचं घर. आता पाड्याच्या नावानं टॉवर विकला जातो आणि पाड्यातला माणूस त्याच टॉवरखाली वॉचमनच्या स्टुलावर बसतो. वाघाच्या नावाचा नाका राहिला, वाघ गेला. बिबट्या आहे अजून. तो रात्री रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतो. सकाळी पेपरात त्याच्या चार ओळी येतात. खदानीत दगडाखाली मेलेल्या वडाराच्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत.

गायमुखच्या पुढं गेलं की डोंगर दिसतात. एका बाजूनं हिरवे, दुसऱ्या बाजूनं पाव कापल्यासारखे सरळ तोडलेले. त्या खदानींवर हे संपादकीय आहे. दगड काढून झाला, मालक निघून गेला, क्रशर भंगारात गेला. खड्डा राहिला. त्या खड्ड्यात परत जंगल उभं राहू शकतं का, आणि राहिलंच तर ते कुणाचं, एवढाच सवाल.

विषय ऐकल्याबरोबर आपल्यातल्याच दोघातिघांनी नाक मुरडलं. एक म्हणाला, "झाडं-पाखरं हे दादर-पार्ल्याच्या लोकांचं काम. आपली माणसं गटारात मरतात, तू गवतावर लिहितोस?" दुसरा म्हणाला, "पर्यावरणवाले आले की आपली झोपडी तुटते, एवढं मला कळतं." दोघांचंही म्हणणं खोटं नाही. म्हणूनच त्यांना उत्तर देणं भाग आहे. चहावर वाद घालून मिटणारी ही गोष्ट नाही.

आधी हिशेब करू. डोंगर गेला कुठं?

१९२०च्या दशकात मुंबई सरकारनं बॅकबे भरायला घेतली. समुद्रात टाकायला दगड-मुरूम लागला, तो कांदिवलीचा डोंगर फोडून रेल्वेनं आणला. आज ज्या मरीन ड्राइव्हला राणीचा हार म्हणतात, तो बोरिवलीच्या जंगलाच्या कडेचा डोंगर फोडून ओवला आहे. मी ज्या गोदीत माल उचलतो तिथली इंदिरा गोदी म्हणजे जुनी अलेक्झांड्रा डॉक. तिच्या खोदकामातल्या दगडमातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. सहासष्ट दशलक्ष वर्षांचा काळा पत्थर, भोवतालचा सगळा तोडून नेला आणि मधला ६१ मीटरचा सुळका तेवढा शिल्लक ठेवला. त्याला राष्ट्रीय उद्यान म्हणून १९५२ सालीच मान मिळाला, तरी त्याच्या अंगाची खडी पडतच राहिली.

मुंबई भरली तसा हा घास उत्तरेला सरकला. चांदिवली, दहिसर, मग घोडबंदर, पारसिक, कल्याण-शीळ. ब्रासावर ब्रास खडी गेली. पुलात गेली, टॉवरच्या स्लॅबमध्ये गेली, मेट्रोच्या खांबात गेली. आता नदीची रेती मिळत नाही म्हणून दगडाचाच चुरा करून क्रश सँड बनते, म्हणजे डोंगर दोनदा फुटतो. रस्त्याच्या एका हाताला हे, आणि दुसऱ्या हाताला खाडी. नागला बंदर, गायमुखच्या बाजूनं तळातली रेती निघाली. आधी हातपाटी आणि डुबी लावून, म्हणजे माणूस बांबू धरून पाण्याच्या तळाशी जायचा आणि बादली भरून वर यायचा. कानातनं रक्त यायचं. मग सक्शन पंप आले. काठ ढासळले, तिवरं उपटली गेली. डोंगर आणि खाडी, दोन्हीकडनं या रस्त्याची कमाई झाली.

ही कमाई कुणाच्या हातानं झाली?

माझ्या आज्यानं बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली. महाराष्ट्रातल्या निम्म्या बहुजनांच्या घरात अशी एक खडीची आठवण असते. दुष्काळ सरला, पण हातात हातोडा राहिला तो राहिला. मुकादमानं उचल दिली आणि माणसं घोडबंदरच्या पट्ट्यात आणून सोडली. उचल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घेताना शंभर, फिटताना आयुष्य. शेजारी वडारांची पालं. घण, पहार, सुतकी हे त्यांचं वडिलोपार्जित. आज्याला दगड कळत नव्हता, वडारांनी कळवला. दगडावर सुतकी मारायची आणि कान द्यायचा. टणक वाजला तर फुटणार नाही, बद्द वाजला तर आत चीर आहे. आजी गोणपाटाच्या सावलीत पोर निजवून कपच्या वेचायची. सुरुंगाची शिटी झाली की पोर उचलून पळायची.

आजा पन्नाशीत खोकायला लागला. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. संपल्या की परत दिल्या. छातीत जंतू नव्हता, दगडाची धूळ होती, हे कुणी कागदावर लिहिलं नाही. कागदावर लिहिलं असतं तर भरपाई द्यावी लागली असती. तो मेला तेव्हा खदान चालू होती. आता ती बंद आहे. पाणी भरलंय. आज्याच्या मजुरीचा कागद कुठंही नाही, पण त्या खड्ड्याच्या प्रत्येक पायरीवर त्याच्या पिढीचा हात आहे. असली सही कुठल्या तलाठ्याला पुसता येत नाही.

आता दुसऱ्या मित्राचं म्हणणं घेऊ. पर्यावरण आलं की झोपडी तुटते. खरं आहे. ७ मे १९९७ ला मुंबई हायकोर्टानं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा हुकूम दिला. जंगल वाचवा म्हणून एक पर्यावरण संस्था कोर्टात गेली होती. हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरले. जुना पुरावा असलेल्यांना म्हणाले, सात हजार रुपये भरा आणि कल्याणजवळ शिरढोणला जा. पोटाचा धंदा कांदिवली-मालाडला आणि घर कल्याणच्या पलीकडं. नंतर लढून, मोर्चे काढून काही हजार कुटुंबांनी चांदिवलीला संघर्षनगर मिळवलं. ते चांदिवली म्हणजे तरी काय, एके काळचा खदानींचाच मुलूख. म्हणजे जंगल वाचवायला माणूस उचलला आणि जिथं डोंगर आधीच खाऊन झाला होता तिथं नेऊन टाकला. ज्यांनी दगड फोडला ते अतिक्रमणवाले ठरले. ज्यांनी दगड विकला ते विकासक ठरले.

म्हणून आपल्या माणसाला झाड दिसलं की पोलीस दिसतो. मलाही दिसतो. पण दोस्तांनो, यातनं एकच निष्कर्ष काढायचा का, की झाड आपलं नाही? मग डोंगर तरी कुणाचा होता? आपण नाक मुरडून घरी बसलो तर खदानीचं काय होणार ते आताच सांगतो. तीन गोष्टी होतील. पहिली, कचरा भरला जाईल. दुसरी, बिल्डर भराव टाकून टॉवर बांधेल आणि जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' लिहील. तिसरी, फारच चांगलं झालं तर भिंत घालून उद्यान होईल, फाटकावर तिकीट लागेल आणि काठावरच्या वडारवाडीला नोटीस निघेल. तिन्हीत आपण नाही.

आणि चौथी गोष्ट तर आजच चालू आहे. काहीच न करणं.

७ मे २०२२. हायकोर्टाच्या त्या हुकमाला बरोबर पंचवीस वर्षं झाली तो दिवस. तारखा जुळल्या हा योगायोग असेल, पण विसरू नका. डोंबिवलीजवळ संदप गावच्या खदानीत एकाच घरातली पाच माणसं बुडून मेली. बायका आणि पोरं. तिथं पोहायला गेली नव्हती. घरी नळाला पुरेसं पाणी नव्हतं म्हणून कपडे धुवायला गेली होती. पोराचा पाय घसरला, वाचवायला एकामागून एक उतरले, एकही वर आला नाही. खदानीचं पाणी तळ्यासारखं नसतं. तळ्याला काठ असतो, उतार असतो, गुडघाभर, कंबरभर पाणी असतं. खदानीला काठ नसतो. पहिलं पाऊल दगडावर, दुसरं चाळीस-पन्नास फुटांवर. चवदार तळ्याचं पाणी पेटलं ते २० मार्च १९२७ ला. आपण पाण्याला हात लावायचा हक्क मिळवला. शंभर वर्षं व्हायला आली आणि आपल्या बायका कपडे घेऊन खदानीवर जातात. कुठल्या ग्रामपंचायतीनं, कुठल्या महापालिकेनं त्या खड्ड्याला कुंपण घातलं होतं? मालकानं? खनिकर्म खात्यानं? विचारा. उत्तर मिळणार नाही, तरी विचारा.

मग काय, दगड काढणंच पाप आहे का? नाही. असं म्हणणारा घरात दगडाच्या पायावरच झोपतो. आपल्याला उत्तर याच डोंगरात मिळतं. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात कान्हेरी आहे. त्याच काळ्या डोंगरात दोन हजार वर्षांमागं छिन्नी चालायला लागली आणि हजारेक वर्षं चालत राहिली. शंभरावर लेणी कोरली गेली. तीही खाणच होती. दगड काढल्याशिवाय लेणं होत नाही. पण काढताना माणसांनी विचार केला. प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचं टाकं खोदलं. डोंगरावर पडलेला पाऊस चरांनी टाक्यात आणला. वर जंगल ठेवलं, कारण जंगल नाही तर टाक्यात पाणी नाही, आणि पाणी नाही तर भिक्खू नाही. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत कल्याणची माणसं आहेत, सोपाऱ्याची आहेत. त्यांतली कितीतरी टाकी अजून पाणी धरतात. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आमच्या काळातल्या खदानी. तिथलं पाणी माणूस गिळतं. दोन्हीकडं पत्थर एकच, छिन्नी धरणारे हात कष्टकऱ्यांचेच. फरक आहे तो कशासाठी काढलं आणि काढून झाल्यावर मागं काय ठेवलं याचा. बुद्धाच्या माणसांनी मागं पाणी ठेवलं.

तेव्हा खदानीत जंगल परत आणणं म्हणजे शोभेची झाडं लावणं नव्हे. ते काय असतं ते नीट समजून घ्या, कारण उद्या साहेब येऊन शंभर गुलमोहर लावून फोटो काढेल आणि काम झालं म्हणेल. सरकारनं २०१९ साली एका पावसाळ्यात तेहतीस कोटी झाडं लावायचं जाहीर केलं होतं. तेहतीस कोटी देव होतेच, दर्शन न देणारे. त्यांच्या जोडीला तेहतीस कोटी झाडं आली. आकडा मोजायचा असला की काय लावतात? गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. लवकर वाढतात, फोटोत हिरवी दिसतात. गोव्यात लोखंडाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर हीच ऑस्ट्रेलियन बाभूळ रांगेनं लावली. लांबून जंगल, जवळ जाऊन बघा तर खाली वाळलेल्या पानांची सतरंजी आणि आपल्या झाडांचा पत्ता नाही.

झाड हिरवं असलं म्हणजे जंगल होत नाही, हे ओवळ्यात समजतं. घोडबंदर रोडवरच तिथं ओवळेकर वाडी आहे. दोन एकराची घरची शेती, तिथं फुलपाखरांची बाग केली. बाहेरून फुलपाखरं आणून सोडली नाहीत. ज्या झाडाच्या पानावर ज्या फुलपाखराची अळी जगते ते झाड लावलं, फुलपाखरू आपोआप आलं. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत. त्याच्या अळीला लिंबाच्या घराण्यातलीच झाडं लागतात. गुलमोहराचं पान तिच्या तोंडापुढं कितीही धरा, ती उपाशी मरेल. अळी नाही तर अळी खाणारं पाखरू नाही, पाखरू नाही तर बी टाकणारं कुणी नाही. ज्याचं अन्न तोडलं त्याचा वंश तुटला. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता खदानीची अडचण. तिथं मातीच नसते. दगडाच्या वरची फूट-दोन फूट माती मालकानं पहिल्या दिवशी खरवडून फेकली किंवा विकली. त्या मातीत बी होतं, बुरशीचे धागे होते, गांडूळ होतं. ती तयार व्हायला शेकडो वर्षं लागली होती. नियम असा हवा, की ती माती वेगळी राखायची आणि काम संपलं की परत पसरायची. फार वर्षं उंच ढीग करून ठेवली तरी ती आतून मरते, म्हणून जसजसा खदानीचा एक भाग संपेल तसतशी पसरायची. ज्या खदानी आधीच संपल्या तिथं काय? तिथं कपची आणि दगडाचा भुगा हाच पाया. त्यात शेणखत, पालापाचोळा घालायचा. कड्याच्या पायऱ्या तोडून उतार काढायचा. पावसाचं पाणी धावू नये म्हणून दगडांचे बांध घालायचे. पहिली दोन वर्षं झाड नाही, गवत. मग शेंगावर्गातली झुडपं, कारण त्यांच्या मुळांच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात. पळस, पांगारा, खैर मग येतात. कांडोळ तर खडकावरचंच झाड, पांढऱ्या सालीचं. उंबर, पायर, पिंपळ यांना माती मागावी लागत नाही. पाखराच्या विष्ठेतनं बी चिरेत पडतं आणि मूळ दगड फोडत आत जातं. ज्या पिंपळाखाली बुद्धाला बोध झाला तो असा दगडातनं उगवणारा आहे. ऐन, कुंभा, साग, मोह हे शेवटी. कारवी लावायची, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि तिच्या काठ्यांनी गरिबाच्या कुडाची भिंत होते.

बी बाजारातनं आणायचं नाही. येऊरच्या नि चेण्याच्या पाड्यांवरच्या वारली, कोकणा, कातकरी बायांना विचारा, कुठल्या झाडाचं बी कधी पडतं ते. त्या उन्हाळ्यात वेचतील, पहिल्या पावसाला रोप जमिनीत जाईल. पहिली तीन-चार वर्षं माघ-फाल्गुनात वणव्यापासून राखायचं. त्याला राखणदार लागतो, आणि राखणदाराला बारा महिने पगार लागतो. प्रत्येक खड्डा बुजवायचाही नाही. एका बाजूनं उथळ काठ करा, बेडूक येईल, चतुर येईल, बिबट्या पाणी पिऊन जाईल. उंच कड्याचा एखादा तुकडा तसाच राखा. शृंगी घुबड अशाच कपारीत अंडी घालतं. ज्याला घर नाही त्याला दगडाच्या खोबणीतही घर चालतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

हे होतं का? झालेलं आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या मातीढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी संस्थेनं साखर कारखान्याचा प्रेसमड घातला, मुळांना उपयोगी बुरशी आणि जिवाणू दिले, आणि जिथं गवताचं पातं नव्हतं तिथं झाडी उभी केली. केनियात मोंबासाजवळ बांबुरी सिमेंटच्या ओसाड खाणीत रेने हॅलर नावाच्या माणसानं १९७१ साली काम सुरू केलं. बहुतेक जातींची रोपं मेली, सुरू तगलं. सुरूची सुईसारखी पानं कुजेनात, तेव्हा वाणी किडे आणून सोडले, आपण ज्यांना पैसा म्हणतो ते. किड्यांनी माती केली. मातीवर बाकीचं रान आलं. विचार करा, कोट्यवधींच्या मशिनरीनं जे खाल्लं ते पैसा किड्यानं परत भरून काढलं.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते जोधपूरचं. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याला वेडी बाभूळ माजली होती. २००६ साली तिथं वाळवंटातली मूळची झाडं परत आणायचं काम सुरू झालं. बाभळीची मुळं खडकात घुसलेली, तोडली की परत फुटायची. यंत्रं हरली, औषधं हरली. मग खंडवालिये बोलावले, पिढ्यान्‌पिढ्या दगड काढणारे खाणकामगार. त्यांनी हातोडा मारला आणि कान दिला. खडक कुठं बद्द वाजतो ते ऐकून सांगितलं, इथं फोडा. मूळ निघालं आणि तोच खड्डा नव्या रोपाला झाला. आज तिथं रावजोधा वाळवंटी उद्यान आहे. ते वाचलं तेव्हा मला आज्याच्या शेजारचे वडार आठवले. तोच हातोडा, तोच कान. आम्हाला वाटायचं ही विद्या फक्त डोंगर तोडायची आहे. ती डोंगर परत लावायचीही आहे. ज्याला दगडाची चीर कळते त्यालाच कळतं मूळ कुठं शिरेल. हे कुठल्या कृषी विद्यापीठाच्या पदवीत नाही. वडाराच्या कानात आहे.

आता कायदा. कोर्ट नुसतं आपल्यावर हातोडा चालवायला नाही, कधी त्याचा कागद आपल्याही कामाचा असतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दगड-रेतीच्या पाच हेक्टरखालच्या लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी लागेल. ८ जानेवारी २०२० ला त्याच कोर्टानं सांगितलं की खाणकाम संपलेल्या जमिनीवर मालकानं परत गवत उगवून द्यायचं, चारा, झाडझाडोरा आणि प्राणी जगतील अशी ती जमीन करून द्यायची, आणि ही अट खाणपट्ट्यातच घालायची. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाभोवती संवेदनशील पट्टा जाहीर झाला, कुठं शंभर मीटर, कुठं चार किलोमीटर. त्यात नव्या खदानींना आणि क्रशरला बंदी. म्हणजे तोडू नका हेही लिहून झालं आणि परत लावा हेही लिहून झालं. मग घोडबंदरच्या कुठल्या खदान मालकानं गवत लावलं? लावलं नसेल तर कुणी जाब विचारला?

पैशाचं रडगाणं सांगतील. २०१५ च्या कायद्यानं जिल्ह्याजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान झालं. खाणवाल्यानं स्वामित्वधनावर जादा पैसा भरायचा आणि तो खाणीनं बाधलेल्या माणसांवर खर्च करायचा. ही कल्पना काही दिल्लीच्या साहेबांच्या डोक्यातनं आलेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, आणि १९४४ च्या जानेवारीत कोळशावर कर बसवून खाणकामगार कल्याण निधी उभा राहिला. खाणीतनं निघालेल्या मालानं खाणीत झिजलेल्या माणसाचं देणं फेडायचं, हा विचार तेव्हापासूनचा आहे. आपण जयंतीला डीजे लावतो, हे कुणी सांगत नाही.

तेव्हा आमचं मागणं साधं आहे.

एक. ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक बंद खदानीची यादी सर्व्हे नंबर, खाणपट्टेदाराचं नाव आणि खोलीसकट चावडीवर आणि महापालिकेच्या दारावर लावा.

दोन. खदानीच्या काठच्या प्रत्येक वस्तीला नळ द्या. कुंपण नंतर घाला, नळ आधी. पाणी घरात आलं की कुणी खदानीवर जाणार नाही.

तीन. खदानीत कचरा नाही, भराव नाही, टॉवर नाही. १३ जुलै २०२४ ला ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन झालं, जवळपास बारा किलोमीटरचा रस्ता डोंगराच्या पोटातनं. त्या पोटातनं निघणारा दगड कुठं टाकताय ते लोकांना सांगा.

चार. जंगल परत उभं करायचं काम खदानीत राबलेल्यांच्या घरांना द्या. वडारांना, आदिवासींना, आमच्या वस्त्यांना. तीन महिन्यांच्या ठेक्यावर नको, निदान पाच वर्षांच्या पगारावर. रोपवाटिका बायांच्या हाती.

पाच. झाडाच्या नावानं एकही झोपडी तुटता कामा नये, आणि उभ्या राहिलेल्या रानाला तिकीट लागता कामा नये.

सहा. खदानीत काम केलेल्या प्रत्येक जिवंत माणसाची छाती तपासा आणि धूळ असेल तर कागदावर धूळच लिहा.

शेवटचं आपल्या घरातलं. मागण्या सरकारकडं करताना आपलं ताट झाकून चालणार नाही. आपल्यातले काही पुढारी निळा झेंडा लावून खडीचे डंपर चालवतात. क्रशरवाल्याचं नाव बोर्डावर दुसऱ्याचं, भागीदारी यांची. मोर्चात पुढं आणि रॉयल्टी चुकवण्यातही पुढं. आज्यानं ज्या मुकादमाची उचल फेडली, तोच मुकादम आज जय भीम म्हणतो म्हणून आपला होत नाही. हे लिहिल्यावर या अंकाच्या दोन जाहिराती जातील. जाऊ देत.

पहिल्या मित्राला एवढंच सांगतो. गटारात मरणारा आणि खदानीत बुडणारा माणूस एकच आहे, आणि त्याची लढाई त्याच्या पायाखालच्या जमिनीची आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांना घेऊन जेल भरली ती जमिनीसाठीच. तेव्हा पडीक जमीन मागितली. आज ही खोदून टाकलेली जमीन समोर आहे, कुणालाच नको म्हणून पडलेली. जी कुणाला नको ती नेहमी आपल्याच वाट्याला आली. या वेळी आपण ती मागून घेऊ, आणि हिरवी करून दाखवू.

रविवारी सुट्टी असेल त्या पोरांनी एक वही घ्या. गायमुखपासून काजूपाड्यापर्यंत चालत जा. किती खदानी, किती पाणी, काठावर किती घरं, नळ आहे की नाही, ते लिहून काढा. एखादा म्हातारा वडार भेटला तर त्याला बरोबर घ्या. दगडावर हातोडा मारायला सांगा आणि शेजारी उभं राहून ऐका. कुठं बद्द वाजतं ते वहीत टिपा. पावसाळ्याआधी ती वही आपल्या हातात पाहिजे.

जय भीम.